दगड ओला कसा?

ज्या माणसाने उभं आयुष्य दुसऱ्यांचे डबे उघडून बघण्यात घालवलं, त्याने घरात तरी भोळं कसं राहायचं? तो स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होता. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेने बाहेर पडायचे आणि हा एकेकाचे खिसे, पिशव्या, डबे तपासायचा. डब्याच्या खालच्या कप्प्यातून चमचे निघायचे, मोज्यातून काटे निघायचे, एकाच्या टोपीतून तर अख्खी वाटी निघाली होती. कामगारांनी त्याचं नाव 'झडती' पाडलं. तो निवृत्त झाला, नाव काही निवृत्त झालं नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, अगदी दूधवालासुद्धा त्याच्या पाठीमागे त्याला झडतीच म्हणायचा. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, याची ही जगाने दिलेली पावतीच आहे, असं तो समजायचा.

घरात मात्र तपासायला काही उरलं नव्हतं. बिलं मुलगा फोनवरून भरून टाकायचा. बाजार बायको बघायची. काही महिन्यांपूर्वी सून आली, ती ऑफिसातून येताना उरलंसुरलं घेऊन यायची. बाबांनी काय करायचं? बाबांनी बसायचं. कुलूप लावणं आणि कुंड्यांना पाणी घालणं सोडलं, तर एकच काम त्याच्याकडे टिकून होतं, ते म्हणजे दर रविवारी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना धार लावायचं. हेही गेलं तर या घरात आपण नुसते खाटेचे धनी, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तो ते काम असं करायचा, की जणू घराचा सगळा कारभार त्यावरच चालतो.

ही विद्या त्याला कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या धारवाल्याने दिली होती. आधी दगड टबात भिजत घालायचा. बुडबुडे यायचे थांबले की दगडाची तहान भागली म्हणायची. मग ओट्यावर ओल्या फडक्याची घडी, तिच्यावर दगड, म्हणजे तो सरकत नाही. सुरीची पाठ दोन नाण्यांच्या उंचीइतकी उचलायची आणि मुठीपासून टोकापर्यंत एका लयीत ओढायची. दगडाची एक बाजू खरबरीत, दुसरी मऊ. खरबरीत बाजू फक्त पार मेलेल्या सुरीसाठी. "आपल्या घरात ती वेळच येत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "दोन नाणी, फक्त दोन नाणी," असं मोठ्याने म्हणत तो सुरी ओढायचा, शेवटी पात्यावरून आडवा अंगठा फिरवायचा आणि सुऱ्या बायकोच्या हवाली करून बाहेरच्या खोलीत येऊन बसायचा. थोड्या वेळाने आतून बायकोचा आवाज यायचा, "लागली हो धार! टोमॅटो बघा कसा कापला जातोय!" तो बघायला कधी जात नसे. ऐकूनच त्याचं पोट भरायचं.

तर एका बुधवारी सकाळी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. खिडकीपाशी डब्यात दगड होता. झाकण उघडं होतं, दगड ओला होता आणि खरबरीत बाजू वर होती.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रविवारी त्याने दगड पुसून, मऊ बाजू वर करून ठेवला होता. मधल्या दिवसांत तो आपोआप कसा भिजेल? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि या वेळी ते अगदी खरंच मुरत होतं. दुसरा कोणी असता तर त्याने हाक मारून विचारलं असतं. हा कसला विचारतोय! गेटवरचा पहिला नियम, संशय आला की चेहरा कोरा ठेवायचा. त्याने झाकण लावलं आणि पाणी न पिताच बाहेर आला.

घरात त्याच्याशिवाय माणसं तीन. मुलाला पाण्याचा पेला कुठे असतो हेसुद्धा विचारावं लागतं, तो दगडाला कशाला हात लावेल? बायको तर इतकी वर्षं त्याला 'तुमचा तो दगड' म्हणत आलेली. तिला त्याची मऊ बाजू कोणती हेही माहीत नसणार. राहिली सून. आणि दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरातल्या फळीवर त्याला एक बाटली दिसली, टाचांच्या भेगांवर लावायच्या मलमाची. झालं! सुतावरून स्वर्ग गाठायला त्याला एवढं पुरलं. ज्या दगडाला आपण तळहातावरच्या फोडासारखं जपतो, त्यावर ही मुलगी टाचा घासते!

पुढचे काही दिवस तो हातात पेपर धरून सुनेच्या पावलांवर नजर ठेवून होता. ती भांडी लावायला टाचा उंचावून उभी राहिली की पेपर खाली यायचा. मुलाने एकदा विचारलं, "बाबा, जमिनीवर काही पडलंय का?" "नाही," म्हणून त्याने पेपर उलटा धरला. टाचा मात्र त्याने नीट पाहून घेतल्या. भेगाच भेगा होत्या. म्हणजे घासायची गरज आहे, असा त्याने अर्थ काढला.

मग एका रात्री जेवताना सगळे समोर असताना त्याने तोंड उघडलं.

"माझ्या दगडावर टाचा कोण घासतं?"

मुलाला आधी हसूच आलं. बायकोचा भाजी वाढणारा हात मधेच थांबला. सुनेने सासूकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"मीच, बाबा," ती म्हणाली. "चुकलं. परत नाही घासणार."

"अगं, दुकानात मिळतो की टाचांचा दगड!" मुलगा म्हणाला.

"जेवा आता गुपचूप," बायको घाईघाईने म्हणाली. "दगडच आहे तो, काही सोन्याचा नाही."

पण झडतीला आता जोर चढला होता. धार म्हणजे काय, दगड म्हणजे काय, दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणं म्हणजे काय, यावर त्याने भाजी निवेपर्यंत व्याख्यान दिलं. सून मान खाली घालून ऐकत राहिली. एकदाही उलट बोलली नाही. तिच्या ताटातला घास तसाच राहिला.

चोर सापडला होता, आता त्याला स्वस्थ वाटायला हवं होतं. वाटेना. गेटवर त्याने नाना तऱ्हेचे चोर पाहिले होते. खरा चोर आधी शपथा घेतो, मग आवाज चढवतो, मग रडतो आणि शेवटी मोज्यातून चमचा काढून देतो. पहिल्याच प्रश्नाला 'मीच' म्हणणारा माणूस बहुतेक दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत असतो. शिवाय त्या भेगा! खरबरीत दगडावर घासलेल्या टाचा इतक्या फुटलेल्या राहतील का? मग ही पोर खोटं का बोलली? आणि कोणासाठी?

रविवारी त्याने नेहमीसारखी धार लावली. आतून नेहमीसारखं "लागली हो धार!" आलं. त्यानंतर बायको कपडे वाळत घालायला गेली, तेव्हा त्याने खिशातून काळं मार्कर पेन काढलं आणि प्रत्येक सुरीच्या धारेच्या कडेने दोन्ही बाजूंना बारीक रेघ ओढली. ही युक्तीही त्या धारवाल्याचीच. सुरी दगडावर गेली की जिथे दगड लागतो तिथली शाई जाते. कोणी नुसता दगड वापरला तर शाई तशीच राहील, सुरीला हात लावला तर कळेल. सुऱ्या खणात ठेवून तो असा काही निर्विकार चेहऱ्याने बाहेर आला, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

सोमवारी संध्याकाळी तो रोजच्या फेरीला निघाला आणि बागेपर्यंत न जाता अर्ध्या वाटेवरून परत फिरला. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगा आणि सून अजून कामावरून यायचे होते. त्याने खण उघडला. मोठी सुरी उचलून खिडकीशी नेली.

शाई गेली होती. मुठीपासून टोकापर्यंत अगदी धारेवरची, पट्टी लावून पुसावी तशी सरळ गेली होती. टाचा घासून असं होत नाही. हे कोणीतरी बसून, मन लावून, दोन नाण्यांच्या उंचीने केलं होतं. हात कोणाचाही असो, हात चांगला होता.

लहान सुरीची शाई अजून जागेवर होती. तिच्यापर्यंत तो हात पोचला नसावा. दगडही ओलाच होता. त्याने लहान सुरी घेतली, पाठ उचलली, श्वास रोखून दहाबारा वेळा ओढली आणि उजेडात धरून पाहिली. वरच्या अंगाची शाई ठिकठिकाणी खरवडली गेली होती. धारेवरची मात्र जशीच्या तशी काळी. त्याची सुरी दगडावर चालत होती, पण धार दगडाला लागतच नव्हती. त्याने परत ओढली, जास्त उचलून. आता शाई गेली, पण धारेचं टोकच गोल होऊन बसलं. अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच कळलं नाही, आणि कधीपासून कळत नव्हतं, हेही त्याला सांगता आलं नाही.

टोपलीतून त्याने एक टोमॅटो घेतला. लहान सुरीखाली तो नुसता दबला, साल काही फाटेना. मोठी सुरी नुसती टेकवली आणि टोमॅटोचे दोन भाग झाले.

त्याने दोन्ही सुऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. खरबरीत बाजू वर का होती, ते आता त्याला कळलं. तो दर रविवारी सुऱ्या मारून ठेवत होता आणि कोणीतरी त्या जिवंत करत होतं. लहान मुलाच्या हातात बंद पडलेला फोन देऊन 'हॅलो म्हण' म्हणतात, तसं घराने त्याच्या हातात हे काम दिलं होतं. त्याला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली.

"लवकर आलात?" बायको दारात उभी होती. कापलेला टोमॅटो पाहून तिने उजवा हात मागे घेतला.

"दाखव."

गेटवरचा आवाज होता तो. तिने हात पुढे केला. दोन बोटांची टोकं काळी होती. साबणाने घासून घासून लाल केलेली, तरी काळी. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी जणांना रंगेहाथ पकडलं होतं, पण असं शब्दशः कोणाला नाही.

"तू?"

तिने हात परत मागे घेतला.

"कधीपासून?"

"तुमच्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या तेव्हापासून."

"ते मी तुला कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? शर्टाची बटणं लावताना दिसत नाही का मला?"

"आणि शिकलीस कुठे?"

"कुठे म्हणजे? दर रविवारी 'दोन नाणी, दोन नाणी' म्हणून कोण ओरडतं? भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल ते."

"मग रविवारचा तो टोमॅटो?"

"त्याच्यासाठी एक वेगळी धारदार सुरी आहे. पिठाच्या डब्यामागे." ती खाली बघून म्हणाली. "सुनेने मला एकदा धार लावताना पाहिलं. मी म्हटलं, बाई, कुठे बोलू नकोस. म्हणून तिने ते टाचांचं अंगावर घेतलं. तुम्ही तिला इतकं बोललात आणि मी मूग गिळून बसले. माझंच चुकलं ते."

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. सून चपला काढत होती. सासरा समोर येऊन उभा राहिलेला पाहून तिचा चेहरा उतरला. "बाबा, मी दगडाला हातसुद्धा…"

"माहीत आहे," तो म्हणाला. "लावला नाहीस. मी आळ घेतला तुझ्यावर, सगळ्यांसमोर. चुकलो मी. पण तू खोटं का बोललीस?"

तिने सासूकडे पाहिलं. सासूने मान हलवली.

"आई म्हणाल्या, धार लावली की त्या दिवशी तुम्ही दोन घास जास्त जेवता."

तो वळून परत ओट्यापाशी गेला. सून आत गेली. त्याने ओट्यावरचा दगड उचलला, पुसला, डब्यात ठेवला. कोणती बाजू वर आली, याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

बायकोने कांदा चिरायला घेतला, मोठ्या सुरीने, सरसर. तो बघत राहिला. पण डोकं एकदा चालू झालं की थांबतंय कुठे? रोज रात्री दाराचं कुलूप तो लावायचा आणि त्यानंतर बायको पाणी प्यायला म्हणून उठायची. रोज उठायची. पाण्याचा तांब्या तर तिच्या उशाशीच असतो. सकाळी तो कुंड्यांना पाणी घालून आला की मुलगा 'जरा मोकळी हवा' म्हणून त्याच कुंड्यांपाशी जायचा. आपल्या गोळ्या आपण मोजून डबीत भरतो, पण ती डबी दुपारी फळीच्या डाव्या टोकाला कशी जाते?

"अगं," तो म्हणाला, "सुऱ्या झाल्या. आणखी काय काय आहे?"

कांदा चिरण्याचा आवाज थांबला. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा आधी," ती म्हणाली.