डिझेलची चमक

सत्तरच्या दशकाअखेर माझी पोस्टिंग डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. सकाळी पीटी, मग फॉलइन, मग दिवसभर गाडीखाली पाठीवर. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, फौजी कायम बंदूक पुसत बसतो. मी ग्रीस पुसत होतो.

आमच्याकडे काही हलक्या गाड्या होत्या. त्यांच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जाई. असं चाक फिरतंही आणि वळतंही, म्हणून त्याच्या शाफ्टला पोलादी छर्‍यांचा जॉइंट असतो. जॉइंटवर रबराचं घडीदार टोपण असतं, त्याला बूट म्हणतात. आतलं ग्रीस आत आणि बाहेरची माती बाहेर ठेवायची, एवढंच त्याचं काम. बूट फाटला की जॉइंट गेलाच म्हणून समजा.

वर्षाचं इन्स्पेक्शन जवळ आलं की कंपनीच्या अंगात येई. नटांना लाल रंग, टायरना काळं पॉलिश आणि खालच्या सगळ्या रबरांना डिझेलचा फडका. डिझेल लावलं की रबर काळंभोर, नव्यासारखं दिसतं. मग हळूहळू फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. हे मी आमच्या कंपनीच्या साहेबांना सावधानमध्ये उभं राहून सांगितलं.

"साब, डिझेल से रबर गल जाएगा."

"हवालदार, इन्स्पेक्शन परसों है. गाडी चमकनी चाहिए."

"साब, बूट के अंदर..."

"कॅरी ऑन."

गाड्या चमकल्या. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली. त्या दिवशी लंगरमध्ये खीर होती. मी खाल्ली नाही.

नाईक सुखदेव आमचा ड्रायव्हर. माझ्याच जिल्ह्यातला, दिघोरीचा. वळणावर इतका सावकाश जाई की मागचे ड्रायव्हर त्याला 'बैलगाडी' म्हणत. तो हसून म्हणे, "पोचाचं हाये ना? मंग घाई कायची?"

काही आठवड्यांनी कॉन्व्हॉय वर निघाला. सुखदेवची गाडी तिसरी. मी शेवटच्या, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत, वायरलेस सेटजवळ बसलो होतो. सेटवर पुढच्या गाडीतले साहेब बोलत होते.

"नंबर तीन, लोकेशन बताओ. ओव्हर."

उत्तर नाही.

"नंबर तीन, सुनाई दे रहा है? ओव्हर."

मग त्याच्या मागच्या, चार नंबरच्या गाडीचा आवाज आला. "नंबर तीन नीचे गया, साब. मोड पे चक्का घूमा ही नहीं."

खाली उतरून पहिला हात मी सुखदेवला लावला. तो गेला होता. दुसरा हात पुढच्या चाकाला लावला. बूट चिंध्या झालेला, जॉइंटमध्ये ग्रीसच्या जागी रेती. छरे फुटून अडकले होते आणि चाक सरळच्या सरळ जाम झालं होतं. स्टिअरिंग कितीही फिरवलं असतं तरी गाडी वळली नसती. चौकशीत मी तो जॉइंट टेबलावर ठेवला. डिझेलचंही सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी जॉइंट बाजूला सरकवला. निकाल आला: चालकाने वेग जास्त ठेवला. ज्याला सगळी कंपनी बैलगाडी म्हणायची, त्याच्यावर वेगाचा ठपका! मी पुन्हा बोललो, तर माझी बदली झाली.

पेन्शन घेऊन मी वरठीला, स्टेशनच्या रस्त्यावर गॅरेज टाकलं. इथे लोक सायकल, मोटरसायकलवाले. चारचाकी क्वचित. ऐंशीच्या दशकात एक दिवस एक जुनी, बुटकी विलायती कार दारात आली. पुढच्या चाकांवर चालणारी. वळताना कटकट, कटकट. चालवणारा तिशीचा, गजानन नावाचा. गाडी भाड्याने फिरवायचा. मागच्या सीटवर त्याची आई, मांडीवर गाठोडं. दोघं आंबागडला म्हातारीच्या मुलीकडे निघाले होते.

मी खाली वाकलो. सगळं कसं चमकत होतं! मस्तकात सणक गेली.

"खालून डिझेल मारलं?"

"धुवाईवाला मारून देते, भाऊ. गाडी नवी दिसते."

"दिसते! बूट गळून राहिला तुझा. जॉइंट कोरडा पडला."

"चालते तं आहे ना. थोडी कटकट करते बस. वापस येऊन करू."

"गाडी इथून हलणार नाही."

चावी मी खिशात घातली. तो चिडला, मी त्याच्याहून जास्त. चाक काढलं, हबचा नट सोडवला, शाफ्ट ओढून बाहेर घेतला. जॉइंट घासलेटमध्ये धुतला. छर्‍यांच्या खाचांमध्ये अजून खड्डे पडले नव्हते. नशीब. नवा बूट नागपूरहून मागवावा लागणार होता. मी तसं सांगितलं, तेव्हा म्हातारी पहिल्यांदा बोलली.

"राहू दे, गजानन. गाडीनं घाई करू नको. तुया भावासारखं नको करू."

"कोणता भाऊ, माय?" मी विचारलं.

"मोठा. फौजेत होता. गाडी जोरात पळवली अन् दरीत गेला. फौजेतून रजेवर आलेल्या पोरानं सांगतलं."

"नाव काय?"

"सुखदेव. आमी दिघोरीचे."

शाफ्ट माझ्या हातातच होता. मी समजत होतो, घरच्यांना फक्त ड्यूटीवरचा अपघात कळवला असेल. तो निकाल दिघोरीपर्यंत चालत आला होता. इतकी वर्षं ही बाई आपल्या मेलेल्या मुलाच्या नावानं जिवंत मुलाला धाक घालत होती.

मी फुगलेला बूट तिच्या हातात दिला. तिनं बोटानं दाबला तसा तो फाटला. काळं पाणी तिच्या बोटांवर आलं.

"माय, असाच बूट होता त्याच्या गाडीला. असंच डिझेल लावायचा हुकूम होता. चाक वळलंच नाही. सुखदेव सगळ्यांत हळू चालवायचा. मी त्याच्याच कंपनीत मेकॅनिक होतो, त्या दिवशी मागच्या गाडीत होतो."

ती त्या रबराकडे बघत राहिली. "मंग तो जोरात नोता?"

"नाही."

"याच्या बापाले कोणी सांगतलं नाही, बाबू," ती म्हणाली. "मरेपर्यंत तो पोराले शिव्या देत गेला."

गजाननने आईच्या बोटांवरचं काळं फडक्यानं पुसलं.

नवा बूट आल्यावर मी जॉइंटमध्ये ग्रीस भरलं, दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या आणि गाडी रस्त्यावर फिरवून पाहिली. कटकट गेली. आंबागडच्या वाटेला लागताना म्हातारी गजाननला म्हणाली, "चालव. तुया भावासारखा चालव."

नाईक सुखदेव, ड्रायव्हर, राहणार दिघोरी. ड्यूटीवर मरण आलं, तेव्हा गाडी सावकाश चालवत होता.