फरशीवरच्या टाचण्या

आमच्या अग्रहार भागात ब्लाउज शिवणाऱ्या एक अम्मा आहेत. दुकान बंद करण्याआधी त्या दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीच्या दोन बोटं वरून सावकाश फिरवतात. टाचण्या टुणकन उडून त्याला चिकटतात.

"झाडू मारला की झालं ना, अम्मा?" मी एकदा विचारलं.

"अय्यो, फटीतल्या राहतात. नात रांगाया लागलीय म्हणे."

मुलगा भांडून वेगळा झालेला. नात अम्मांनी पाहिलेलीही नव्हती. टाचणी दोन बोटांवरून येते, आणि हा जवळच्या येलवाल गावाहून येईना! मला त्याचाच राग आला.

काल दुकानाशी थबकलो. मुलगा दारात अवघडून उभा होता. अम्मांनी हाक मारली नव्हती, हातही पुढे केला नव्हता. तरी त्या स्वच्छ फरशीवरून एक बाळ रांगत सरळ त्यांच्याकडेच निघालं होतं.