गुरुवारच्या भेटी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही — म्हणजे, प्रभू माझ्या पापांची क्षमा कर, असं रोज म्हणते. पण हे पाप नावानिशी कधी पुढे ठेवलं नाही. मोघम बोललं की सोपं जातं. तुला सांगतेय, कारण तू मला ओळखत नाहीस.

मी राहनाळच्या एका गोदामात चेकिंगला आहे. खोकं उघडायचं, बाहेरच्या चिठ्ठीवर लिहिलंय तेच आत आहे का बघायचं, पुन्हा चिकटवायचं. त्या कामात माझी चूक कधी निघाली नाही. आमची चर्चची मंडळी लहान, तीस-चाळीस घरांची. भिवंडीत लूमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमचा हॉल आहे. खाली माग चालू असले तर पाळकसाहेबांना ओरडून प्रवचन करावं लागतं. महिला मंडळात आमची एक रीत आहे. जी माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत, ती एकेकीने वाटून घ्यायची, दर आठवड्याला भेटीला जायचं. आणि रविवारी उपासना संपताना उभं राहून सांगायचं — कोणाला भेटले, कोणतं वचन वाचलं, माणूस कसं आहे. मग सगळे आमेन म्हणतात.

माझ्या वाट्याला रूथमावशी आल्या. आयुष्यभर नर्स होत्या, पडघ्याला एकट्या राहायच्या. त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं. मुलगी नागपूरला नोकरीत. त्यांचं सगळं करायची ती शेजारची रतन. ती आमच्यातली नव्हे, तिथल्याच शेतकरी घरातली. माझा वार ठरला गुरुवार; पहिली पाळी सुटली की एसटीने पडघा.

दोनदा गेले. तेवढं खरं.

खोलीत लघवीचा वास होता. मावशींनी डाव्या हाताने माझा हात धरला. लाळ पुसलेला, ओला हात. तो सोडेचनात. मी तोंडाने वचन वाचत होते आणि मनात एकच चाललेलं — ही बाई हात कधी सोडणार? निघताना मोरीवर हात धुतले. मग पुन्हा साबण लावून धुतले. वळून बघते तर त्या माझ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्या गुरुवारी पडघ्याला उतरले, नाक्यावर चहा घेतला, हायवेवरचे ट्रक बघत बसले आणि तशीच परत आले. रविवारी उभी राहिले तेव्हा वाटलं होतं, सांगून टाकावं, या वेळी जमलं नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते ना. तोंडातून निघालं, "मावशी आनंदात आहेत." आमेन झालं. इतकं सोपं असतं? — असतं. त्यानंतर पडघ्यापर्यंतसुद्धा गेले नाही. स्वयंपाकघरात वचनांचं कॅलेंडर टांगलेलं असतं आमच्याकडे. गुरुवारच्या तारखेखालचं वचन बघून ठेवायचे आणि तेच मावशींना वाचून दाखवलं म्हणून सांगायचे. नवऱ्याची दुसरी पाळी, त्याला काय कळणार! असे आठ महिने काढले.

वेळ नव्हता का? होता. तब्येत? ठणठणीत. मला किळस आली होती, बस. आणि भेटीला जाणारी बाई म्हणून जो मान मिळत होता, तो सोडवत नव्हता.

मग एके दिवशी पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेऊन मावशींकडे जाऊन आले. मला शनिवारी कळलं. झालं, आता पितळ उघडं पडणार. रविवारी दुसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीची साडी नेसून. पाळकसाहेब म्हणाले, "मी मावशींना विचारलं, शैलाताई येतात ना? त्यांना बोलता येईना, पण बोलल्याच. येते म्हणाल्या. दर गुरुवारी येते." आणि मग त्याच धाग्याने प्रवचन — माणूस बाहेरून एक दिसतो, आत दुसराच असतो, पण देव आतलं बघतो. आतबाहेर एकसारखा माणूस कोण, तर उदाहरण माझं. खाली माग चालू होते, म्हणून माझं नाव त्यांनी दोनदा घेतलं.

मी काय केलं? मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला.

म्हातारीला भ्रम झाला असेल, असं मी ठरवून टाकलं. ते बरं पडत होतं. निदान त्या गुरुवारी तरी जायचं होतं ना — पण आता कोणत्या तोंडाने जायचं, असं म्हटलं आणि घरी बसून वाटाणे सोलले.

तीन महिन्यांनी मावशी गेल्या. एका गुरुवारी दुपारी. शुक्रवारी आमच्या भिवंडीच्या कबरस्थानात माती झाली. पाळकसाहेब म्हणाले, शेवटच्या दिवसांची साक्ष शैलाताई देतील. समोर मावशींची मुलगी उभी होती, प्रवासाने चुरगळलेली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, उपाशी माणसाने ताटाकडे बघावं तशी. मी म्हणाले, "मागच्या गुरुवारी मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, शैला, मी तयार आहे." मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही. लाजही वाटली नाही तेव्हा. काहीच वाटलं नाही. ते काहीच न वाटणं अजून गेलेलं नाही.

रतन फाटकाशी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. मूठमाती देऊन मी नळावर हात धुवायला गेले, तर तिने मागून येऊन नळ सोडला. हळूच बोलली, कोणाला ऐकू जाणार नाही असं.

"ताय, तुमी येत न्हवत्या. आजीला भरम न्हवता झाला. पालकसायब गेले तवा मीच बोलली, आजी, खोटं कशाला सांगितलास? तं बोलली, चार मानसांत तिची लाज जायाची."

एवढं बोलून ती माझे हात धुऊन होईपर्यंत थांबली.

आता मी महिला मंडळाची अध्यक्षा आहे. कोणी कोणाच्या भेटीला जायचं, ते मीच वाटून देते. मुलीने मावशींच्या कबरीवर दगड बसवला. वर नाव, खाली कोरलंय — मी तयार आहे. दर नाताळला तिचा फोन येतो. ताई, तेवढ्या शब्दांवर मी सावरले, म्हणते. मी हं म्हणते. पुनरुत्थानाच्या सणाआधी आम्ही बायका कबरी धुतो, तेव्हा तो दगड सगळ्या माझ्यासाठी सोडतात. मी ब्रशने घासते. अक्षरांत माती बसते, ती काडीने काढते. चांगला स्वच्छ निघतो.

नळावर रतनने जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. मुलीला ते माहीत नाही. दगडावर ते नाही. त्या शेवटच्या दुपारी मावशींनी तिला विचारलं होतं, आज गुरुवार ना? रतन म्हणाली, हाय. तर मावशींनी तिच्याकडून केस विंचरून घेतले, आणि उशी दाराच्या बाजूला करायला सांगितली.

मी त्या दुपारी घरीच होते.