चिमणीवरचं एरियल

केबल बंद केली ती वैतागून. चित्र सारखं गोठायचं, दुरुस्तीसाठी मी तीनदा सुट्टी काढून घरी बसले आणि तिन्ही वेळा कोणी आलं नाही. ऑफिसातला ग्लासगोचा सहकारी म्हणाला, "छपरावर एरियल लाव, एचडी चॅनेल फुकट दिसतात." मी त्याच आठवड्यात माणूस बोलावला आणि छपरावरच्या चिमणीवर, म्हणजे धुराड्यावर, एरियल बसवून घेतलं.

इल्फर्डमधल्या आमच्या घराचे दोन फ्लॅट केलेले आहेत. वरचा आमचा. खालच्यात पुण्याचे एक निवृत्त काका-काकू. आम्ही राहायला आलो तेव्हा काकांनी दारातच आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले आणि चेहरा मिटला. बुद्धपौर्णिमेला मी खीर नेऊन दिली, तर डबा तासाभरात जसाच्या तसा परत आला. "आम्ही बाहेरचं खात नाही," काकू दारातूनच म्हणाल्या. त्याच काकूंना मी आदल्या शनिवारी हाय स्ट्रीटवर समोसे खाताना पाहिलं होतं.

एरियल लागलं त्या संध्याकाळी काका वर आले.

"अहो, हे काय लावलंय वर?"

"एरियल आहे, काका."

"छप्पर दोघांचं आहे. विचारायचं असतं. एकेकाला चांगल्या वस्तीत राहायची सवय नसते, त्याला आपण काय करणार!"

"समोरच्या सगळ्या चिमण्यांवर एरियल आहेत."

"ते इंग्रज आहेत," काका म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

मी दार लावलं. नवरा आत सोफ्यावर बसून सगळं ऐकत होता. म्हणाला, "जाऊ दे ना." त्या क्षणी मला काकांपेक्षा त्याचाच जास्त संताप आला.

दहा दिवसांनी काकांच्या वकिलाचं पत्र आलं. घराच्या लीज-कराराप्रमाणे छपरावर काहीही लावायला दोघांची संमती हवी, एरियल काढा. मी लीज काढून ओळ न् ओळ वाचली. छपराबद्दल काकांचं खरं होतं. पण छपराखालचा माळा, म्हणजे लॉफ्ट, एकट्या आमचा होता.

एरियल उतरवलं आणि रविवारी सकाळी मी स्वतः ते घेऊन लॉफ्टमध्ये चढले. आत सरळ उभं राहता येत नव्हतं. इन्सुलेशनच्या लोकरीने हात चुरचुरत होते, गुडघे तुळयांवर सोलवटत होते. नवरा खाली टीव्हीसमोर.

"साधे चॅनेल आले!" तो ओरडला. "एचडीचे नुसते तुकडे दिसतायत!"

मी फोनवरचं होकायंत्र बघून एरियल जरा नैऋत्येला, टीव्हीच्या मनोऱ्याच्या दिशेने फिरवलं. "आता?" "गेलं!" पुन्हा फिरवलं. कौलांमुळे सिग्नल कमी पडत होता, म्हणून जागाच बदलून ते उंच वाशाला धरून पाहिलं. दोन तास हे चाललं. मनात काकांना ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. शेवटी खालून आवाज आला, "थांब! हलू नकोस!" एका हाताने एरियल धरून दुसऱ्या हाताने स्क्रू पिळले. खाली येऊन पाहिलं तर बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातला मोतीसुद्धा लखलखीत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी काका जिन्यात भेटले. "काढलंत ना, बरं केलंत. शेवटी आपण सगळे मराठीच."

"काढलं नाही, आत लावलंय. माझ्या लॉफ्टमध्ये. लीज वाचा," मी म्हणाले. "आणि यापुढे आपण न बोललेलंच बरं."

तेव्हापासून मी बोललेले नाही. समोरून आले तर बाजूलाही सरकत नाही. नवरा मात्र अजून त्यांना हसून "गुड मॉर्निंग, काका" म्हणतो, आणि ज्या दिवशी म्हणतो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशीही बोलत नाही.