तिसऱ्या पानावरचे प्रश्न

तेवीस म्हाताऱ्या माणसांच्या वतीने मी 'नाही'वर खूण केली, आणि त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं. झालं, लिहून टाकलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर माझे बहुतेक मूर्खपणाचे किस्से तोंडपाठ आहेत.

बाकीचे घोटाळे मी स्वतःच चवीने सांगत फिरतो. एकदा मयताला म्हणून गेलो आणि भलत्याच घरात बसून रडून आलो, ते आमच्या अख्ख्या बेव्हर्ली पार्क वसाहतीला ठाऊक आहे. हा एक मात्र गिळून बसलो. का? त्या गोष्टींत हसं माझं होतं. यात — थांबा, क्रमाने सांगतो.

दोन हजार चार-पाचचा सुमार. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होतो, आणि ऐन चाळिशीत एम.फिल.ची हुक्की आली. विषय घेतला वृद्धाश्रमातल्या माणसांची जवळीक — मनाची, आणि शरीराचीही. आपल्याकडे यावर कुणी तोंड उघडत नाही, कुणीतरी उघडलं पाहिजे, असं मी स्टाफरूममध्ये इतक्या मोठ्याने बोललो की गाइड मॅडम मला धाडसी म्हणाल्या. धाडसी. तो शब्द मी पुढे कित्येक महिने अत्तरासारखा लावून हिंडलो.

प्रश्नावली तीन पानांची. पहिल्यावर नाव, वय, आजार. दुसऱ्यावर जेवण, झोप, मुलंबाळं. तिसऱ्यावर मूळ विषय — जोडीदाराजवळ झोपावंसं वाटतं का, स्पर्शाची आठवण येते का, इच्छा होते का, इथे त्यासाठी जागा आहे का. हे प्रश्न मीच घरी बसून लिहिले होते. लिहिताना हात कुठे अडखळला नव्हता.

भाईंदरहून उत्तनच्या बसने मुर्धा, राई ही गावं मागे टाकली की पुढे तो आश्रम. खाली पुरुष, वर बायका, असा नियम. पहिल्या दिवशी पहिल्याच आजोबांसमोर तिसरं पान काढलं. समोरचा माणूस हुबेहूब माझ्या वडिलांसारखा नाक शिंकरत होता. वडिलांना कुणी असं विचारतं? हे पान ऑफिसचं आहे, असं काहीतरी पुटपुटलो आणि उलटवलं. दुसऱ्या आजोबांनाही तेच सांगितलं. तिसऱ्यापर्यंत सवय झाली. मग घरी येऊन सगळी तिसरी पानं एका बैठकीत भरून टाकली. नाही, नाही, नाही. या वयात ते दुसरं काय सांगणार होते?

या तेविसांत तावडे नवरा-बायको होते, मूळचे रत्नागिरीकडचे. भिकाजी तावडे भाईंदरच्या एका कारखान्यात फिटर होते, सुमतीबाई प्रसूतिगृहात नर्स. आश्रमात त्यांना सगळे सिस्टर म्हणत — नवरासुद्धा. "सिस्टर, माझा चष्मा कुठाय?" असं हा गृहस्थ चारचौघांत स्वतःच्या बायकोला विचारी, आणि वर चेहरा गंभीर. तावड्यांचे गुडघे गेलेले, जिना चढता येत नसे. म्हणून सकाळचा चहा झाला की सिस्टर खाली उतरत, पडवीतल्या बाकावर बसून त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत. येता-जाता दहा माणसं बघायची. संध्याकाळचं जेवण झालं की त्या वर, हे खाली.

तळमजल्यावर एक खोली रिकामी होती, देणगीत आलेल्या मोडक्या खाटा टाकलेली. ती आम्हा दोघांना द्या, असा सिस्टरनी अर्ज केला होता. विश्वस्त म्हणाले, एकाला दिली तर रांग लागेल. सरांचा सर्व्हे चाललाय, त्यात काय निघतंय ते बघू.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सिस्टरनी स्वतःच सांगितलं होतं, त्या बाकावर, हात तेलाने माखलेले असताना. म्हणाल्या, आता तुमच्यावर आहे बरं का, सर. तोवर माझी पानं भरून झाली होती. पुन्हा जाऊन विचारता आलं नसतं का? बस तर रोजच होती.

विश्वस्तांच्या बैठकीत मला खुर्ची, चहा-बिस्किटं, शब्दाशब्दाला सर. दार उघडं, आणि बाहेर तावडे जोडपं बसलेलं. अध्यक्षांनी विचारलं, काय निघालं? मी वाचून दाखवलं — वर्गात वाचतो तशा खणखणीत आवाजात — की एकाही रहिवाशाने अशी गरज बोलून दाखवलेली नाही. सिस्टरचा अर्ज तिथेच टेबलावर होता. पण अर्ज म्हणजे हट्ट आणि सर्व्हे म्हणजे शास्त्र. एक विश्वस्त हसून म्हणाले, मी सांगतच होतो, या वयात रामनाम घ्यावं. मी चहात बिस्किट बुडवलं. खोटं बोलताना माणसाचा हात कापतो म्हणतात. माझा कापला नाही. बिस्किटसुद्धा पडलं नाही.

त्या खोलीची ध्यानखोली झाली. माझं एम.फिल. झालं. हाराबिरातला फोटो अजून घरात आहे.

वर्षभराने बाइंड केलेली प्रत आश्रमाला भेट द्यायला गेलो — हो, भेट. फाटकाशी झाडणारी, जवळच्या तारोडी गावची बाई म्हणाली, "तावडेबाबा न्हाय आता." महिना झाला होता. झोपेतच गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसलेल्या सिस्टर. स्वतःच्या माणसाचं त्यांना सकाळी तेलाची बाटली घेऊन खाली उतरल्यावर कळलं.

सिस्टर बाकावर एकट्याच होत्या. मी प्रबंध त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या कुठल्या शहाण्याने असं केलं असतं? त्यांनी तो मागून उघडला. शेवटी परिशिष्टात प्रश्नावली जशीच्या तशी छापलेली, तिन्ही पानं. तिसऱ्यावर त्या थांबल्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग पानं मागे चाळत उत्तरांचा तक्ता शोधून काढला. तेवीसच्या तेवीस नाही.

निदान तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उभा राहिलो, चपलांकडे बघत.

त्यांनी प्रबंध मिटून माझ्याकडे परत दिला.

"बायकांना नको नको ते विचारण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली," त्या म्हणाल्या. "हे तुमचं काम नव्हतं, सर. दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचंत."