खामयिंग मावशीचे गोरे दाणे

आमच्या माए होंग सोनच्या खोऱ्यात पाहुण्यापुढे सालीसकट शेंगदाणे ठेवले, की घरच्या बाईला आळशी म्हणतात. विहारात भिक्खूंना द्यायचे तर सोलूनच. खामयिंग मावशी यात सगळ्यांची गुरू. तिच्याकडचं जांभळ्या पट्ट्यांचं वाण तिच्या आईचं, गावात सगळ्यात गडद; आणि तेच गोरंपान करून वाढायची तिला भारी हौस.

यंदा शेतकी कॉलेजवाल्यांनी घरटी दोन किलो दाणे तपासायला मागवले. सरस ठरेल ते वाण पुढच्या हंगामात गावभर पेरायचं आणि त्या घरातली बाई सांगेल ते नाव त्याला द्यायचं, असं ठरलं. मावशीला आईचं नाव द्यायचं होतं. कॉलेजवाले म्हणजे शिकलेले पाहुणे, म्हणून बियाण्यासाठी राखलेली पाटीसुद्धा तिने भिजवली, तीन दिवस चोळली आणि त्यातले टपोरे दोन किलो निवडून धाडले. उरलेले भाजून गावात वाटले. माझ्या सासूने, बुआलायने, कंटाळा करून सालीसकटच दिले. मावशी तिला फिदीफिदी हसली होती.

कॉलेजची मुलगी निकाल घेऊन आली. पहिली बुआलाय, शेवटची खामयिंग.

"मावशी, तुमच्या दाण्यांची साल कुठे गेली?" मुलीने विचारलं.

"डुकराला घातली."

मुलीने समजावलं, की तपासणी होती अँटिऑक्सिडंटची आणि ती मुख्यतः सालीत असतात. तो जांभळा रंग म्हणजे तीच. साल जितकी गडद तितकी ती सहसा जास्त.

चाळीस वर्षं मावशीने सगळ्यांना चोथा वाढला आणि डुक्कर पोसलं! मग तिने सासूकडे बोट केलं.

"बुआलायचं बी माझंच आहे. तिची पेर कुजली त्या वर्षी मीच ओंजळभर दिलं होतं."

"मग तुझ्याकडचं आण की दाखवायला," कुणीतरी म्हणालं.

तिच्या घरात सालीचा एक दाणा उरला नव्हता. सगळ्यांनी सासूकडे पाहिलं. सासू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

ते ओंजळभर बी मावशीकडून आणायला मीच गेले होते. मुलीने वाणाचं नाव विचारलं, सासूने स्वतःचं सांगितलं, आणि मी तोंड उघडलं नाही.