लाभ म्हणताना

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, “बाई, निरोपाच्या दिवशी मुलांना चार शब्द सांगा. यश नशिबानं मिळतं की मेहनतीनं, हा विषय घ्या. उदाहरण तुमचंच द्या. एवढ्या सहली नेल्यात, एका पोराचा साधा गुडघा फुटला नाही.”

मी हसून हो म्हणाले. घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि कोराच मिटून ठेवला. ज्या गोष्टीसाठी लोक माझं कौतुक करतात, तीच मला आठवायला नको असते.

माझं माहेर पवन मावळातलं, भातशेतीचं. झोडणी झाली की खळ्यावर वडील पायलीनं भात मोजायचे. पहिल्या पायलीला ते कधी ‘एक’ म्हणाले नाहीत. शुभ म्हणून ‘लाभ’ म्हणायचे, मग दोन, तीन, चार. मधे कुणी बोललं तर नुसते डोळे वटारायचे. ही मोजायची रीत माझ्या जिभेला अशी चिकटली की पुढं सुदुंबऱ्याच्या बाजूच्या शाळेत मास्तरीण झाले तरी मुलं मोजताना तोंडातून पहिला ‘लाभ’च निघायचा. मुलं हसायची. हसू देत, म्हणायचे मी.

सहलीचं माझं शास्त्र पक्कं होतं. रांग दोघादोघांची. हात सुटला तर जागचं हलायचं नाही, हे आठवडाभर आधीपासून घोकून घ्यायचं. आणि रांगेच्या अगदी पुढं, माझ्या डाव्या हाताला, वर्गातलं सगळ्यात भित्रं मूल. तेच माझा लाभ. त्याचा हात माझ्या हातात, म्हणून त्याच्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही. लाभ म्हणायचं आणि दोनपासून एकेका डोक्याला हात लावत मागं जायचं.

त्या वर्षी माझा लाभ म्हणजे चौथीतली एक किडकिडीत मुलगी होती. ती पालीला भ्यायची, शिट्टीला भ्यायची, फळ्यावर खडू किरकिरला तरी दचकायची. मला भित्र्या मुलांचा तेव्हा राग यायचा, खरं सांगते. कष्ट केले की भीती जाते, अशी माझी ठाम समजूत होती आणि ती मी पोरांच्या गळी उतरवायचे.

खंडाळ्याच्या पुढं कड्यावरच्या पठारावर गेलो होतो. श्रावणाचे दिवस, हवा स्वच्छ. जाताना वाटेत एक म्हैस आडवी बसलेली. पोरगी जी थबकली ती हलेना. सगळी रांग खोळंबली.

“म्हैस काय माणसं खाते का गं?” मी खेकसले. “बाजूनं वळसा घालायचा आणि पुढं जायचं. चल!”

तिला ओढतच मी म्हशीला वळसा घातला. पुढं गेल्यावर शाबासकीही दिली.

डबे खाऊन होईतो धुकं आलं. त्या बाजूचं धुकं विचारून येत नाही. शेजारची मुलं बघता बघता पुसली गेली. मी शिट्टी वाजवली, रांग लावली, पोरीचा हात धरला. तेवढ्यात वाऱ्यानं माझी छत्री उलटी झाली. ती सरळ करायला मी दोन्ही हात वापरले. मग छत्री मिटून काखेत मारली आणि मोजायला लागले. लाभ. दोन. तीन. शेवटच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा आकडा झाला बत्तीस. बत्तीसच होती मुलं. मी निघायची खूण केली; सोबतच्या बाई पुढं झाल्या आणि मी काखेतली छत्री सावरत रांगेच्या शेवटून चालले.

बस दहा मिनिटांच्या चालीवर होती. मुलं चढली. मी माझ्या जागेवर बसले आणि शेजारी पाहिलं. खिडकीजवळच्या सीटवर कापडी पिशवी होती, सकाळी तिनं ठेवलेली. सीट रिकामी होती.

पुन्हा मोजायचं मला सुचलंच नाही, कारण काय झालंय ते त्या क्षणी कळलं. मी लाभ म्हणाले होते तेव्हा माझा डावा हात रिकामा होता. सवयीनं नुसता शब्द उच्चारला होता. त्या शब्दाखाली मूल नव्हतं.

सोबतच्या बाईंना “दार लावा, एकालाही उतरू देऊ नका” एवढं सांगितलं आणि पळाले. साडीचा घोळ चिखलात, चप्पल कुठंतरी राहिली. मी हाका मारत होते आणि हाक तोंडासमोरच विरत होती. मला कड्याची इतकी भीती वाटत होती की पाय टाकवत नव्हता, आणि न टाकावा तर पोरगी तिथंच. आयुष्यात मी देवाला काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, आणि त्याबरोबर आपली नोकरी जाईल हेही मनात आलं. ते आठवून आजही स्वतःची शिसारी येते.

मग घंटेचा आवाज आला. म्हशीच्या गळ्यातली घंटा.

“कोन हाय? हलू नगा, तितंच थांबा!” एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. “फुडं कडा हाय!”

मी उभी राहिले. प्लॅस्टिकची खोळ पांघरलेली गुराखीण धुक्यातून आली, तिच्या हाताला माझी पोरगी.

“ही तुमची का वो बाई?”

मी पोरीला इतकं आवळलं की ती कळवळली. म्हातारी म्हणाली, “कड्याच्या तोंडाव म्हस बसली व्हती म्हनून वाचली. तिला भिऊन जाग्याव हुबी ऱ्हायलीती. म्हशीच्या पल्याड दोन पावलांवर काय न्हाई बगा.”

“मावशी, तुमचे उपकार कसे फेडू?” मी म्हणाले.

“माजं कशाचं? म्हशीचं म्हना.”

शाळेत आणि पोरीच्या आईला मी एवढंच सांगितलं की जरा मागं राहिली होती. बत्तीसचा आकडा कुणाला सांगितला नाही. आणि स्वतःची समजूत घालत आले: म्हैस तिथं होती हे नशीब असेल, पण हात सुटल्यावर जागचं हलायचं नाही हे मी घोकून घेतलं होतं, म्हणून पोरगी थांबली. निम्मं श्रेय माझ्या मेहनतीचं. या निम्म्यावर मी इतकी वर्षं झोपले.

निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं. मेहनतीला पर्याय नाही म्हणाले. शिस्त म्हणाले. टाळ्या पडल्या.

खाली उतरले तर तीच पोरगी समोर उभी. तळेगावला कंपनीत नोकरीला लागलेली, अंगानं भरलेली, हसरी. वाकून पाया पडली.

“बाई, आता मी कशालाच भीत नाही. तुमच्यामुळं.”

मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, “त्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणं जागच्या जागी थांबलीस, शहाणी माझी.”

ती लाजली. “नाही हो बाई. तुम्ही सकाळी सांगितलं होतं ना, म्हशीला वळसा घालून पुढं जायचं? मला तेच आठवत होतं. तुम्ही पुढंच असाल वाटलं. एक पाऊल टाकलंसुद्धा होतं, कड्याच्या बाजूनं. तेवढ्यात म्हशीनं मान झटकली, घंटा वाजली आणि मी घाबरून मागं सरले.” मग जरा ओशाळून म्हणाली, “सॉरी बाई. तेवढं तुमचं ऐकलं नाही मी.”

मागून फोटोसाठी कुणीतरी हाका मारत होतं. तिलाही बस पकडायची होती, ती दोनदा म्हणाली, “येते बाई.” मला ऐकू येत होतं. पण तिचा हात माझ्याच्यानं सुटत नव्हता.